मुंबईत फ्रेशर डेव्हलपरला सध्या कुठे घेतायत? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, माझा धाकटा भाऊ बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आम्ही डोंबिवलीला राहतो. जावा, एसक्यूएल चांगलं येतं त्याला, स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) शिकतोय, पण यंदा कॅम्पसला कंपन्याच फारशा आल्या नाहीत आणि आल्या त्या सपोर्टच्या पोस्टसाठी. त्यात टीसीएसने २०२५ मध्ये २ टक्के म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करणार म्हणून सांगितलं तेव्हापासून बाबा रोज म्हणतायत बँकेच्या परीक्षा दे, आणि पोरगा पार खचलाय हो, त्याला मनापासून कोडिंग आवडतं.

मला वाटतं मुंबईत नुसतं टीसीएससारख्या, दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांच्या मागे लागायला नको, इथे बँका, ब्रोकर, विमा, पेमेंटवाले एवढे आहेत, यूपीआय चालवणारी एनपीसीआय इथलीच, गोरेगावला परदेशी बँकांची टेक ऑफिसं आहेत. पण तिथे फ्रेशरला थेट घेतात का, की आधी ऐरोली-महापेला (नवी मुंबईच्या आयटी कंपन्यांत) कुठेतरी अनुभव घ्यावा लागतो? आतल्या कोणीतरी खरं काय ते सांगा.

दुसरं, एमसीए सीईटी देऊन अजून दोन वर्षं शिकावं का? की एआयमुळे तोवर ज्युनियरची कामं आणखी कमी होतील? ठाण्याचा एक क्लास जॉब गॅरंटी सांगून ८० हजार मागतोय, मला अजिबात पटत नाही, पैसे आधी आणि गॅरंटी फक्त तोंडी.

कोणाच्या टीममध्ये फ्रेशर घेत असतील तर प्लीज इनबॉक्स करा, सुरुवातीला पगार कमी चालेल पण काम कोडिंगचंच हवं, सीव्ही लगेच पाठवते.