छोट्या ब्रुअरीत बसून चाखलेली बिअर : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, बाटलीतली बिअर कुठेही मिळते. पण जिथे ती बनते तिथेच, टाक्यांच्या शेजारी बसून चाखणं हा वेगळा प्रकार आहे. कोणी अशा छोट्या ब्रुअरीत गेला असाल तर इथे लिहा. ‘अमुक बिअर भारी होती’ एवढ्यावर थांबू नका. काय पाहिलं, कसले वास आले, बनवणाऱ्याला काय विचारलंत, तेही येऊ द्या. सुरुवात मी करतो.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते बिअर होण्याआधीचं पाणी. भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) साधारण ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर मुरत ठेवतात, तेवढ्यात धान्यातल्या पिठाची साखर होते. गाळून काढलेल्या त्या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. ब्रुअरने आधी ते कोमट वर्ट प्यायला दिलं. दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखा वास. मग हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) घालून उकळलेलं दिलं, गोड आणि कडू एकदम. शेवटी तयार बिअर. तिन्ही ओळीने चाखल्यावर गोडवा कुठे गेला ते कुणी सांगावं लागत नाही. मुरवताना पाणी तीन-चार अंश जास्त गरम ठेवलं, तर यीस्टला (साखर खाऊन बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाला) न खाता येणारी साखर जास्त उरते आणि बिअर अंगाने भरीव होते. कमी ठेवलं तर कोरडी, सुटसुटीत. ब्रुअर हे सांगत असताना त्याची नजर सारखी थर्मामीटरवर जात होती.

•

आमच्या टेबलावर छोट्या ग्लासांचा ट्रे आला तेव्हा काळ्या ग्लासाला कोणी हात लावेना. ‘ती चढेल.’ फळ्यावर पाहिलं तर काळी स्टाउट साडेचार टक्क्यांची, आणि सगळे निर्धास्त पीत होते ती सोनेरी बेल्जियन धाटणीची आठ टक्क्यांची! काळा रंग येतो थोड्याशा करपवून भाजलेल्या धान्याने. अल्कोहोल किती होणार, ते यीस्टने किती साखर फस्त केली यावर ठरतं. हे ऐकवल्यावरही एकाने काळी घेतली नाहीच. असो, मला दोन मिळाल्या.

•

सगळं गोड गोड चाललंय म्हणून माझं रडगाणं. मी गेलो तिथे ग्लास बर्फ जमलेले. बिअर इतकी गार की जीभ बधिर, चव शून्य. बाजूला ठेवून दिली. जरा गारवा उतरल्यावर लोण्याचा वास येऊ लागला. विचारलं तर ‘ही स्टाइलच अशी असते सर’. काही जुन्या धाटणीच्या बिअरमध्ये तो किंचित चालतो, मान्य. पण फळ्यावर लिहिलं होतं लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेली, स्वच्छ चवीची बिअर! डायअॅसिटिल म्हणतात त्याला. आंबताना तयार होतो आणि घाई केली नाही तर यीस्ट स्वतःच तो परत संपवतं. टाकी लवकर रिकामी करायची असली की ग्राहकाला लोणी मिळतं. नळाच्या नळ्या घाण असल्या तरी हाच वास येतो, आणि तिथे नेमकं काय झालं होतं ते सांगायला कोणी तयार नव्हतं. नाव लिहीत नाही, पण परत जाणार नाही.

•

वरच्या वासांच्या यादीत माझीही भर. आम्ही बाहेर उन्हात बसलो होतो. ग्लासातली हॉप्सवाली बिअर काही मिनिटांतच कुबट, गंधकासारखी वास मारायला लागली. तक्रार केली तर त्यांनी त्याच नळाची दुसरी आत सावलीत आणून दिली, ती स्वच्छ. उजेडाने हॉप्समधली कडू द्रव्यं मोडतात आणि तो वास तयार होतो. बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठीच.

•

मी पीत नाही, गाडी चालवायला म्हणून गेले होते. बाकीचे ट्रेवर तुटून पडले आणि मला आत फिरायला मिळालं. पहिलं लक्षात आलं ते म्हणजे सगळीकडे पाणी. ओली फरशी, गमबूट, नळ्यांची भेंडोळी. ब्रुअर बाई म्हणाल्या, ‘आमचं निम्म्याहून जास्त काम धुण्याचं.’ हॉप्सच्या गोळ्या तळव्यावर चोळायला दिल्या. लिंबूवर्गी, रानटी, थोडा डिंकाचा वास, घरी येईपर्यंत हाताला होता. टाकीतून निघालेली नळी पाण्याच्या बादलीत बुडबुडत होती. वाकून हुंगलं तर नाकात झिणझिण्या. त्यांनी लगेच मागे ओढलं: तो कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड, रिकाम्या टाकीच्या तळाशी साचून राहतो, म्हणून टाकीत डोकं घालायचं नाही. उरलेला चोथा गुरांना जातो. न पिणाऱ्यांनीही जरूर जा, फक्त ट्रेपाशी अडकू नका.

•

शाकाहारी मंडळींनी एक प्रश्न आधीच विचारावा: बिअर नितळ करायला काय वापरता? पारंपरिक पद्धतीत माशाच्या वाताशयापासून काढलेलं आयसिंग्लास वापरत. आता बरेच जण वापरत नाहीत, पण मी विचारतेच.

•

भिंतीवर मोठ्या अक्षरांत जर्मनीतल्या बव्हेरियाचा १५१६चा नियम रंगवलेला: बिअरमध्ये फक्त सातू, हॉप्स आणि पाणी. खालच्या टेबलावर आंब्याची बिअर. हसू आवरेना. त्या नियमात यीस्टचा उल्लेखच नाही, कारण आंबवतं कोण हे तेव्हा उमगलेलं नव्हतं. आणि माझ्या मते सगळी करामत त्या न लिहिलेल्या यीस्टचीच. तिथल्या गव्हाच्या बिअरला केळं आणि लवंगेचा वास होता, आणि आत ना केळं ना लवंग. पुन्हा गेलो तर केळं जवळपास गायब, लवंग पुढे. ब्रुअर म्हणाला, या खेपेला टाकी जरा थंड ठेवली. बरोबरचा मित्र चिडला, दर वेळी तीच चव हवी म्हणून. मला उलट याचसाठी जावंसं वाटतं.

•

अजून गेलो नाही, पुढच्या आठवड्यात जायचा बेत आहे. कुठल्या क्रमाने चाखायच्या?

•

@वरचे : रंगावर जाऊ नका. कमी कडू, कमी टक्क्यांची आधी. हॉप्सची कडू, भाजकी आणि जोरदार शेवटी. जीभ एकदा कडवटली की हलक्या बिअरचं काही कळत नाही. आंबट असेल तर कधी घ्यायची ते तिथेच विचारा. मध्ये साधं पाणी प्या. फोन करून ज्या दिवशी माल्ट शिजवतात त्या दिवशी सकाळी जा, वर्ट मागा. आणि आल्यावर इथे लिहा.