हॉलमधला टीव्ही, स्पीकर, वायरी लपवायच्यात (आणि तिथेच गणपतीही बसवायचाय), सल्ला हवा

सायली_ठाणे
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला टूबीएचकेचा ताबा मिळालाय, सोमवारपासून सुतारकाम सुरू. हॉल १६ बाय साडेदहा. ५५ इंची टीव्ही घेऊन झालाय, अजून खोक्यातच आहे. शिवाय सासऱ्यांचा जुना स्टिरिओ अँप्लिफायर आणि सोनोडाइन कंपनीचे दोन लाकडी स्पीकर, ज्यांना ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. मला हॉलमध्ये काळे डबे आणि लोंबणाऱ्या वायरी नकोत. डिझायनरने भिंतभर युनिट दाखवलंय, टीव्हीपुढे व्हिनियरचं सरकतं शटर, सेटटॉप बॉक्स आणि अँप्लिफायर खाली बंद कप्प्यात, स्पीकर माळ्यावर. माळ्याचं सासऱ्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. त्याच भिंतीशी दीड दिवसाचा गणपती बसणार, सासूबाईंनी जागा बघून ठेवलीय. साउंडबार घ्यावा का? युनिट आणि आवाज मिळून बजेट ७५ हजार, वर एक रुपया नाही. घरात दीड वर्षाचा मुलगा आहे, तो दिसेल त्या भोकात चमचा घालतो.

खटपट्या
अभिनंदन! टीव्ही विसरा, प्रोजेक्टर घ्या. मी अल्ट्रा शॉर्ट थ्रो घेतला, भिंतीपासून वीतभर अंतरावर टेबलावर बसतो, १०० इंची पडदा, बंद केला की भिंत मोकळी. पडद्यासकट पावणेतीन लाख गेले पण पाहुणे येतात ते बघतच राहतात.

गारवा
खटपट्या, बजेट वाचलंत का? आणि टीव्ही घेऊन झालाय लिहिलंय.

खटपट्या
वाचलं हो. टीव्ही बेडरूमला लावता येतो. घर एकदाच होतं.

बोरीबंदर
शटर अजिबात करू नका. आमच्या सुताराने टीव्हीच्या मापाची खाच केली, चारी बाजूंना जेमतेम अर्धा इंच सोडून, तेव्हा सगळे वा वा म्हणाले. तो टीव्ही गेल्यावर नवीन आणला तर तोही ५५ च, पण कड वेगळी, खाचेत जाईना, मग व्हिनियर तासलं, ते तासलेलं अजून दिसतंय. आणि बंद कप्प्यात सेटटॉप बॉक्स इतका तापायचा की सिनेमा ऐन रंगात आला की हँग. शेवटी दार उघडं ठेवायला लागलो. आता ते कायम उघडंच असतं आणि येणाराजाणारा त्याला ढोपर आपटतो.

फेज_न्यूट्रल
बोरीबंदर म्हणतात त्याला +१, फक्त कारण सांगतो. अँप्लिफायरला वर चार-सहा इंच मोकळी हवा लागते आणि कप्प्याची पाठ उघडी लागते. दार हवंच असेल तर वेताच्या जाळीचं करा, हवा खेळते आणि जाळी विरळ असेल तर रिमोटही चालतो. व्हिनियरच्या दारातून साध्या रिमोटचे किरण जात नाहीत, मग आयआर रिपीटर बसवावा लागतो, म्हणजे दाराबाहेर एक छोटा डोळा आणि आत वायर. टीव्हीला खोचायच्या ब्लूटूथ रिमोटवाल्या स्ट्रीमिंग स्टिकना हा त्रास नाही. खाच करायचीच तर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच सोडा. ५५ इंची टीव्ही साधारण ४८ इंच रुंद आणि २८ उंच असतो. मध्य जमिनीपासून ४०-४२ इंचांवर ठेवा, सोफ्यावर बसल्यावर डोळे तिथे येतात. डिझायनर लोक छान दिसतं म्हणून वर चढवतात, मग घरचे मान वर करून बातम्या बघतात.
वायरींसाठी २ इंची पीव्हीसी पाईप टाका. २५ एमएमच्या पाईपला वळण आलं की एचडीएमआयची पिन तिथे अडते. पाईपमध्ये एक रिकामी तार सोडून ठेवा, पुढे काही नवीन आलं तर त्या तारेला बांधून ओढता येईल.

रावसाहेब_६१
शटरवाल्या टीव्हीचं एवढं नवल कसलं? आमच्या वडिलांनी गिरगावात ब्लॅक अँड व्हाइट घेतला होता, सागवानी कॅबिनेट, पुढे सरकतं शटर आणि त्याला कुलूप. किल्ली आईच्या कमरेला. परीक्षा आली की कुलूप. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा आख्ख्या चाळीत एकच टीव्ही होता, तो आमचा नव्हता, पण पुढे जो आला तो शटरचाच. टीव्ही म्हणजे फर्निचर होतं तेव्हा. वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फ्लॉवरपॉट. आता तुम्ही डिझायनरला पैसे देऊन तेच करून घेणार.

गारवा
रावसाहेब, रुमालाचं अगदी पटलं. आमच्या सासरी अजून सेटटॉप बॉक्सवर आहे. म्हणूनच तापतो :)

न्यूजर्सीचा_नाम्या
एवढं कशाला? आमच्याकडे भिंतीला दोन भोकं पाडायची, वरून वायर सोडायची, खालून ओढायची, अर्ध्या तासात काम. फक्त भिंतीतून न्यायला चालणारी रेटेड केबल घ्या, टीव्हीची साधी पॉवर कॉर्ड भिंतीत टाकू नका.

मालवणी_मिरची
नाम्या, तुझी भिंत पुठ्ठ्याची, हिची ठाण्याची.

फेज_न्यूट्रल
बरं झालं विषय निघाला. सायलीताई, इमारत नवीन आहे म्हणजे मायवानची आहे का विचारून घ्या. तसं असेल तर भिंती विटांच्या नसून सगळा आरसीसी ओतलेला, त्यात झिरी मारायला (वायरीसाठी चर खोदायला) बिल्डर परवानगी देत नाही आणि देऊही नये, आत सळया आहेत. म्हणजे मी वर लिहिलेला २ इंची पाईप भिंतीत जाणारच नाही. मग भिंतीपुढे दोन-अडीच इंच चौकट उभारून त्यावर प्लायचं पॅनल घ्यायचं आणि वायरी मागच्या पोकळीत न्यायच्या. पॅनलचा एक भाग स्क्रूने निघणारा ठेवा, आणि टीव्हीचं ब्रॅकेट पॅनलमधून आरपार भिंतीला ठोका, नुसत्या प्लायवर टांगू नका. टीव्हीमागे सॉकेटही पॅनलवरच घ्या, बाळाच्या हाताला लागणार नाही.

सायली_ठाणे
हो मायवानच आहे. डिझायनर झिरी मारू म्हणाला होता!!

बोरीबंदर
बघा. डिझायनर बदला. आमचाही असाच होता.

मालवणी_मिरची
पॅनल करताय तर एमडीएफ नको, कितीही गुळगुळीत दिसो. आमच्याकडे पावसाळ्यात दारं फुगतात तिथे एमडीएफ बिस्किटासारखं सुटतं, ठाण्यालाही दमट हवा आहेच. ७१० नंबरचा मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० असा छाप बघून. निदान बाहेरच्या भिंतीला लागून असेल ते तरी. आणि मागे वाळवीचं औषध मारल्याशिवाय पॅनल ठोकू देऊ नका, एकदा बंद झालं की आत काय चाललंय कुणाला दिसत नाही.

वास्तुप्रेमी
कुणीच दिशा विचारली नाही. टीव्ही आग्नेयेला हवा, विजेची वस्तू आहे. ईशान्येला चुकूनही नको. आणि गणपती नि टीव्ही एकाच भिंतीवर?

खटपट्या
प्रोजेक्टरला दिशा नसते. दिवे घ्या (गंमत करतोय).

रावसाहेब_६१
चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत देव, टीव्ही, मोरी आणि सात माणसं होती. चारी दिशा तिथेच. कुणाचं काही वाकडं झालं नाही.

वास्तुप्रेमी
ज्याची त्याची श्रद्धा. माझ्या मावसभावाने वायव्येला लावला, वर्षाच्या आत टीव्हीचा स्क्रीन गेला, नवीन भिंतीवर लावला तो अजून चालू आहे.

फेज_न्यूट्रल
नव्या भिंतीला अर्थिंग असेल.

स्वरवेडा
धागा आत्ता वाचला. सोनोडाइन माळ्यावर??? ताई, पाप लागेल. सासरेबुवांची बाजू मी घेतो. या बजेटमधला साउंडबार त्या लाकडी जोडीपुढे गाण्याला उभा राहणार नाही. सिनेमात ढुमढाम करेल, पण नाट्यसंगीत लावून बघा. आधी जोडीची तब्येत तपासा: जाळी काढून कोनच्या कडेचा मऊ गोल दाबून बघा, फोमचा असेल आणि बोटाला काळा चुरा लागला तर तो बदलावा लागतो, रबराचा असेल तर चांगलंच. नवीन कडा बसवून देणारे कारागीर मिळतात, नव्या स्पीकरपेक्षा पुष्कळ स्वस्तात.
टीव्हीला जोडणं सोपं आहे. टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून एक छोटा डॅक (टीव्हीचा डिजिटल आवाज जुन्या अँप्लिफायरला कळेल असा करणारी डबी), डॅकमधून आरसीए वायर अँप्लिफायरला, टीव्हीचा आवाज सेटिंगमध्ये पीसीएम (साधा डिजिटल) करायचा. हा डॅक हजार-दोन हजारात येतो. फक्त स्पीकर कप्प्यात कोंबू नका. त्यांच्या पाठीला गोल भोक असेल तर भिंतीपासून वीतभर पुढे, नाहीतर ढोलासारखे घुमतात. कप्प्यातच ठेवणं भाग असेल तर त्या भोकात स्पंजचा बोळा घाला आणि स्पीकरचं तोंड कप्प्याच्या कडेला आणा. शेजारी पितळेची वस्तू ठेवू नका. आमच्याकडे तबला वाजला की समई किणकिणते, महिनाभर मी स्पीकर बिघडला समजत होतो.

गारवा
स्पीकरच्या भोकात स्पंज, मुलाच्या हातात चमचा. लक्षात असू दे.

खटपट्या
साउंडबारच घ्या, छतावर आवाज आपटवून वरून ऐकवणारा, अ‍ॅटमॉसवाला. माझा आहे.

स्वरवेडा
वर आवाज फेकणाऱ्या साउंडबारला वर सपाट, मोकळं छत लागतं. आजकाल सगळीकडे पीओपीचे कोव्ह आणि त्यात एलईडी, मग तो आवाज कुठे आपटेल देव जाणे. आणि खाचेत कोंबला तर डोक्यावर फळी. पैसे अ‍ॅटमॉसचे, ऐकायचं फळीला.

खटपट्या
माझं छत सपाट आहे.

मालवणी_मिरची
अवांतर: ते काळे उभ्या पट्ट्यांचे चारकोल पॅनल कुणी लावलेत का? दोन पट्ट्यांमधली धूळ कशाने काढता?

बोरीबंदर
आम्ही लावलेत. जुना टूथब्रश. दर रविवारी, मी.

सायली_ठाणे
सगळ्यांचे आभार, खूप वेळ दिलात. घरी चर्चा झाली (भांडणच). सासऱ्यांना माळ्याचं कळलं, त्यांनी दोन दिवस रेडिओ लावून नुसतं बसून दाखवलं. शेवटी ठरलंय ते असं: युनिट रद्द, पॅनल रद्द, साउंडबारही रद्द. टीव्ही सरळ भिंतीवर. वायरीला केसिंग पट्टी, तिच्यावर भिंतीचाच रंग. खाली सासूबाईंच्या माहेरचा सागवानी बैठा पाट आहे, पाच फुटांचा, त्यावर अँप्लिफायर आणि दोन्ही स्पीकर उघडे, सगळ्यांना दिसतील असे. सासरे रोज पुसणार, लेखी घेतलंय. गणपती समोरच्या भिंतीला, सोफा सरकवून. डिझायनरला नमस्कार केला. उरलेल्या पैशात बाल्कनीला जाळी.

बोरीबंदर
मग आम्हाला विचारलंत कशाला? :(

फेज_न्यूट्रल
पैसे वाचलेत, वाईट नाही. पण आता भोकाला चमचा पोचणार. स्पीकरच्या पुढच्या जाळ्या काढू नका, पाठ भिंतीकडे, अँप्लिफायर पाटाच्या मागच्या कडेला पण पाठीमागे हवा सोडून, आणि एक्स्टेंशन बोर्ड पाटाखाली स्क्रूने आवळा, शटरवाल्या सॉकेटचा घ्या. केसिंग पट्टी ४० एमएमची घ्या, छोट्या पट्टीत पॉवर आणि एचडीएमआय दोन्ही मावत नाहीत. टीव्ही ब्रॅकेटवर लावताना मायवान भिंतीला हॅमर ड्रिल आणि अँकर बोल्ट, प्लास्टिकच्या गिट्ट्या नकोत.

सायली_ठाणे
गिट्ट्यांचं सांगितलंत ते बरं झालं, माणूस उद्याच येतोय. स्वरवेडा, बोटाला काळा चुरा लागला. दोन्हीला. कारागिराचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? सासऱ्यांना अजून सांगितलं नाहीये.

स्वरवेडा
व्यनि केलाय. दादरला आहे. सासरेबुवांना सोबत न्या, नाहीतर परत आल्यावर बोट दाखवतील.

खटपट्या
प्रोजेक्टरची ऑफर चालू आहे, कुणाला हवी असेल तर लिंक देतो.