अंगावर पाजताना बाळंतकाढा चालतो का? मदत हवी आहे

नमस्कार मैत्रिणींनो, माझं बाळ आता सात आठवड्यांचं आहे, पूर्ण अंगावरच पितंय, मी सध्या माहेरी जुळे सोलापूरला आहे. दूध कमी पडतंय असं सगळ्यांचंच मत (बाळ सोडून, त्याचं वजन व्यवस्थित वाढतंय!) म्हणून आई रोज मेथीचे लाडू, अळिवाची खीर देते, शतावरी कल्प दुधातून दोनदा, आणि आता सासूबाईंनी मंगळवार पेठेतून काढ्याची पुडी पाठवलीय, त्यावर ना नाव ना घटक, नुसतं कागदात बांधलेलं. विचारलं तर "आम्ही पण हेच घेतलं गं, काही होत नाही."

लाडू-खिरीचं मला एवढं टेन्शन नाही, पण मी थायरॉईडची गोळी घेते आणि मेथी जास्त झाली की साखर उतरते, काही गोळ्यांशी पटत नाही असं वाचलं. शिवाय घरात दशमूलारिष्टाची बाटली पण आहे, त्यावर तर स्वनिर्मित अल्कोहोल असं छापलंय, ते बघून मी झाकण परत लावून टाकलं.

परवापासून बाळाला शी पातळ होतेय, गॅस पण वाटतोय, म्हणून कालपासून मेथी बंद केलीय. डॉक्टरांची अपॉइंटमेंट शुक्रवारी आहे, पुडी सोबत नेणारच.

तोवर कुणी थायरॉईडची गोळी चालू असताना शतावरी घेतलीय का? गोळी आणि कल्पात किती तासांचं अंतर ठेवलं होतं? आणि सासूबाईंना न दुखवता पुडीला नाही कसं म्हणायचं, तेही सांगा प्लीज 🙏