मदत हवी आहे: स्पीकरवर गाणं मध्येच तुटतं, वायफाय नेमकं कसं बसवू?

नमस्कार मंडळी. घरात चार वायफाय स्पीकर आहेत. राउटर हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे. हॉलमधले दोन नीट वाजतात, पण दोन भिंतींपलीकडे आईच्या खोलीतला रोज दगा देतो. सकाळी ती भजन लावते, आलाप रंगात येतो आणि आवाज गायब. पाच-सहा सेकंदांनी भलतीकडूनच सुरू. तिचा हिरमोड बघवत नाही.

मायक्रोवेव्ह लावला की स्वयंपाकघरातलाही अडखळतो, म्हणजे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरची गर्दी असणार (मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात अडथळा आणतो). राउटरचा चॅनल (त्या पट्ट्यातला एक भाग) 'ऑटो'वरून काढून १, ६, ११ तिन्ही पाहिले. ११ वर जरा बरं आहे. दुसरा, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आईच्या खोलीपर्यंत धड पोचतच नाही. रिपीटरही (वायफायचा सिग्नल पुढे पोचवणारं यंत्र) लावला, तर चारही स्पीकर एकत्र वाजवताना आवाज मागेपुढे होऊ लागला.

आता मेश (घरभर एकच वायफाय पसरवणारी, एकमेकांशी जोडलेली युनिट) घ्यावं म्हणतो. दोन युनिट पुरतील का? त्यांच्यामधली जोडणी वायरलेस चालेल, की केबल ओढावीच? भिंतीला भोक पाडायची तयारी आहे, पण एकदाच. आणि प्रत्येक स्पीकरला राउटरमधून आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) कायमचा राखून ठेवल्याने फरक पडतो का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.