मदत हवी आहे: ब्लोअरच्या वार्षिक सर्व्हिस कराराचा दर कसा ठरवावा?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं ब्लोअर, म्हणजे द्राक्षबागेत औषध फवारायचं यंत्र, दुरुस्त करण्याचं वर्कशॉप आहे, गिऱ्हाईक दिंडोरी-निफाडचं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी (केवडा) रोग बघता बघता बाग धरतो आणि तेव्हा एक फवारणी चुकली तरी वर्षाचं पीक जातं. म्हणून ‘२४ तासांत दुरुस्ती, नाहीतर बदली ब्लोअर’ असा वार्षिक करार द्यायचा माझा पक्का विचार आहे. भागीदार म्हणतात, यात बुडू. मला वाटतं, शेतकऱ्याला खरी गरज याच हमीची आहे.

एप्रिल छाटणीच्या वेळी मोफत तपासणी ठेवून पाहिली, पण बहुतेक जण बिघाड झाल्यावरच येतात.

कर्ज काढायचं नाही, माणसंही तेवढीच. १८ टक्के जीएसटी धरून रक्कम आगाऊ घ्यावी की निम्मी रक्कम शेतकऱ्याचा माल विकल्यावर? आणि साधारण किती करारांमागे एक बदली ब्लोअर पुरतो?