असेंब्लीला काय म्हणायचं, जुळणी की जुळवणी?

२८ फेब्रुवारीला पुण्यातल्या एका शाळेत मराठीतून बोलायचंय, पेशीच्या पटलातली प्रथिनं एकत्र कशी येतात आणि ते संख्याशास्त्राने कसं ओळखतात. मेंब्रेनला पुस्तकात पटल आहे ते ठीक (मनातल्या मनात मी पापुद्रा म्हणते), असेंब्लीला अडलंय. सध्या 'जुळवणी' लिहिलंय.

— जुळवणी नको, जुळवणी म्हटली की जुळवणारा आला. लग्न जुळलं वेगळं आणि आत्याने जुळवलं वेगळं. प्रथिनं आपापली जुळतात ना, मग जुळणी.

— आकुर्डीला कारखान्यात २२ वर्षं लाइनवर काढली, बोलताना असेंब्लीच, पण कागदावर 'जुळणी' असायचं. तिथे तर जुळवणारे आम्हीच होतो की!

— हो, छापखान्यात पण अक्षरजुळणीच म्हणायचे आणि ती करायला जुळारी असायचा. म्हणजे जुळणी दोन्हीकडे चालतं, जुळवणी एकीकडेच.

— पण यात संख्याशास्त्र कुठे आलं?

— सांगते. पोटॅशियम चॅनल घ्या, म्हणजे पटलातलं पोटॅशियमच्या ये-जा करण्याचं दार. तो चार सबयुनिटचा, म्हणजे एकत्र आलेल्या चार प्रथिनांचा असतो. प्रत्येकाला जीएफपी म्हणजे एक चमकणारं प्रथिन जोडायचं, सूक्ष्मदर्शकात लेझरखाली ठेवायचं, एक चॅनल म्हणजे एक उजळ ठिपका दिसतो. मग एकेक दिवा कायमचा विझतो आणि ठिपक्याचा उजेड पायरी पायरीने उतरतो, त्या पायऱ्या मोजायच्या. २००७ मध्ये उल्ब्रिच आणि आयझॅकॉफ या संशोधकांनी बेडकाच्या अंडपेशींवर हे करून दाखवलं. गोची अशी की काही दिवे मुळात पेटतच नाहीत. समजा शंभरातले ८० पेटतात, तर १०० ठिपक्यांत चार पायऱ्यांचे ४१, तीनचे पण ४१च, दोनचे १५ आणि एकचे जेमतेम ३. सरासरी येते ३.२, त्यावर गेलात तर चौकडीला त्रिकूट म्हणून बसाल, म्हणून अख्खी वाटणी द्विपद वितरणाशी, म्हणजे चारातले किती पेटतील याच्या गणिती अंदाजाशी, ताडून बघायची. खऱ्या त्रिकुटात चौथी पायरी दिसणारच नाही, दोन ठिपके एकावर एक आले तरच.

— टेट्रामरला चौकडी? चतुष्टय म्हणा ना.

— चतुष्टय म्हटलं की मागचे दोन बाक झोपले.

— चौकडीच ठेवा, आणि सबयुनिटला उपएकक वगैरे नको, सरळ भिडू म्हणा.

— वा, भिडू घेतला! मग ज्याचा दिवा पेटत नाही तो कच्चा लिंबू.