वडगावात घरापुढं झाड: वर लाईन, खाली पेव्हर. काय लावावं?

शहापूरकर: बेळगावात वडगावच्या बाजूला घर आहे, काळी माती. रस्त्याकडेला एक झाड लावायचंय. वर हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाईन, शेजारी गटार, फूटपाथवर नुकतेच पेव्हर बसवलेत. पलीकडच्या जुन्या करंजाच्या बुंध्याला भिडून काँक्रीट ओतलंय, त्याची पानं पिवळी पडायलीत. कुणी गुलमोहर म्हणतंय, कुणी कडुनिंब. काय लावू? आणि त्या करंजाचं काही करता येईल काय?

मळेकरी: गुलमोहर नको. लाकूड ठिसूळ, मुळं वरवर. वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात आणि माती भिजली की अख्खं झाड कलतं. कडुनिंब चांगलं, पण मुळाशी तुंबलेलं पाणी त्याला चालत नाही, आणि काळ्या मातीत जुलैभर दुसरं काय असतं? लाईनखाली कांचन नाहीतर पांढरा चाफा. लाईन नसेल तिथं तामण किंवा करंज. दोघांनाही ओल सोसते. खानापूरकडच्या तांबड्या निचऱ्याच्या मातीत हीच यादी वेगळी झाली असती.

बुंधा: जातीवर लोक तासभर वाद घालतात आणि खड्डा मात्र दोन फुटांचा खणतात. शहरातलं झाड मरतं ते बहुतेक मातीपायी. अन्न-पाणी ओढणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, कारण हवा तिथंच पोचते. रोलर फिरला की मातीतल्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरत नाही आणि मुळं गुदमरतात.

आता करंज. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर लोह कमी पडतंय. सिमेंटचा चुना मातीत उतरला की ती अल्कधर्मी होते, मग मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. नुसतं खत घालून हे सुटत नाही. बुंध्याभोवती चारी बाजूंनी १ मीटर काँक्रीट काढायला हवं. छिन्नी-हातोड्यानं काढा, जेसीबी अजिबात नको. उघड्या जागेत कुजलेलं शेणखत पसरा, वर दोन-तीन इंच पालापाचोळा, पण खोडापासून वीतभर लांब. खोडावर माती चढवली की साल कुजते. भोवती सिमेंटचा कट्टाही बांधू नका.

महापालिकेला अर्ज देताना लिहा, की राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीत झाडांभोवतीचं १ मीटरमधलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तो आदेश दिल्लीपुरता, पण मागणीला आधार मिळतो.

शहापूरकर: गटाराचं काम परत निघणार म्हणतायत. त्यात मुळं तोडली तर?

बुंधा: खोडाच्या व्यासाच्या पाचपट अंतराच्या आत चर नको. खोड ४० सेंटिमीटरचं, तर २ मीटर. त्याच्या आत एका बाजूची जाड मुळं गेली, की झाड महिनाभर हिरवंगार दिसतं आणि पहिल्या मोठ्या वाऱ्यात तोडलेल्या बाजूचा आधार नसल्यानं उलट बाजूला कोसळतं. मूळ तोडावंच लागलं तर करवतीनं सरळ कापा. फावड्यानं चिरफाळलेलं मूळ कुजतं.

मळेकरी: नवीन रोपासाठी: खड्डा रुंद हवा, खोल नव्हे. १ मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल पुरे. ओल्या काळ्या मातीत खणलं की कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळं त्यातच गोल फिरतात. कुदळीनं त्या खरवडा. तळाला दगड-खडी घालू नका. निचरा होईल म्हणून सगळे घालतात, पण पाणी खडीच्या वरच अडून राहतं. भरताना तीन पाट्या खणलेली माती, एक पाटी शेणखत. नुसतं खत भरलं तर ते बसतं आणि रोप खाली जातं.

पिशवी पूर्ण काढा. गोल वळलेली मुळं उभी चिरा देऊन मोकळी करा, नाहीतर ती जाड होऊन पुढं खोडालाच आवळतात. खोड जिथं पसरट होतं तो भाग जमिनीच्या पातळीवर दिसला पाहिजे. दोन बांबू, सुतळी सैल, वर्षानं सोडून टाका. जूनमध्ये पाऊस धरला की लावा. पुढचे दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा १५-२० लिटर. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच राहतात.

तारवाला: एक राहिलं. लाईनला लागतंय म्हणून शेंडा छाटू देऊ नका. छाटल्या जागी झुबक्यानं फुटवे येतात, ते सालीपाशीच कच्चे जोडलेले असतात आणि चार-पाच वर्षांत जड होऊन तुटतात. फांदी खोडाच्या जोडापासून काढायची: आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून अर्धा काप, मग थोडं पुढं वरून, शेवटी उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगवट्याच्या बाहेर. फुगवटा कापला तर जखम बुजत नाही. वर डांबर-रंग नको, झाड स्वतःच कड धरतं.

शहापूरकर: वाळून गेलेलं झाड आपणच तोडलं तर चालतं काय?

तारवाला: नाही ओ. कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. स्वतःच्या आवारातलं असलं तरी आधी विचारा. अर्जाला फोटो जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका.